जर्मनीचं रेडिओ घड्याळ सांगलीत बाराला का थांबतं?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका गृहस्थांना जावयांनी जर्मनीहून भिंतीवरचं रेडिओ कंट्रोल्ड घड्याळ आणून दिलं. सेल घातला की काटे भराभर फिरून बारावर येतात आणि तिथेच थांबतात. मागची बटणं दाबून वेळ लावली तर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा बारा. सोबतच्या कागदात लिहिलंय म्हणून खिडकीत टांगून पाहिलं, दिशा बदलून पाहिली, रात्रभर गच्चीवरही ठेवलं. दुकानदार म्हणतो मशीन गेलं, साधं टाकून घ्या. तर मशीन बदलायचं का, आणि अशी आपली आपण वेळ लावणारी घड्याळं इथे चालतात तरी का?

मशीन बदलायची घाई करू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं बिघाडाची नाहीत. घड्याळ त्याला शिकवलेलं काम बरोबर करतंय, फक्त ज्याची ते वाट बघतंय ते सांगलीत कधी येणारच नाही.

या घड्याळाच्या पोटात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे कुठल्याही साध्या घड्याळात असतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झ. दुसरी म्हणजे छोटा रेडिओ रिसीव्हर आणि त्याची फेराइटची काळी कांडी, जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये असायची तशीच पण लहान. ही कांडी फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथल्या डीसीएफ७७ या केंद्राचा ७७.५ किलोहर्ट्झचा सिग्नल पकडते. केंद्र दर सेकंदाला लहरीची ताकद क्षणभर उतरवतं. ०.१ सेकंद उतरली तर शून्य, ०.२ सेकंद उतरली तर एक. एकोणसाठावा ठोका गाळलेला असतो, त्यावरून पुढचं मिनिट कुठे सुरू होतं ते घड्याळाला कळतं. अशा मिनिटभराच्या ठोक्यांत तास, मिनिट, तारीख, वार, वर्ष सगळं येतं. घड्याळ एका मिनिटावर विश्वास ठेवत नाही, लागोपाठची दोन-तीन मिनिटं ताडून बघतं आणि मगच काटे हलवतं.

आता अंतर बघा. त्या केंद्राचा पल्ला साधारण २,००० किलोमीटर. सांगली तिथून पावणेसात हजारांच्या आसपास. मग खिडकी काय आणि गच्ची काय! कागदातली ‘फ्रँकफुर्टच्या दिशेला तोंड करा’ ही सूचना युरोपातल्या माणसासाठी आहे. गच्चीवर ठेवून आत दव जाईल, सिग्नल नाही.

दुसऱ्या देशांची केंद्रंही उपयोगाची नाहीत. इंग्लंडचं अँथॉर्नचं ६० किलोहर्ट्झवर, अमेरिकेचं कोलोराडोतलं तेही ६० वर, जपानची दोन ४० आणि ६० वर, चीनचं शांगच्यूचं ६८.५ वर. त्यातल्या त्यात चीनचं जवळ, तेही इथून साडेचार हजार किलोमीटर. आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं. तिथून पूर्वी शॉर्टवेव्हवर वेळेचे ठोके प्रसारित व्हायचे, पण घड्याळातली कांडी लाँगवेव्हची. तिला समजेल असं केंद्र भारतात नाही. आणि समजा चमत्कार होऊन जर्मन सिग्नल मिळाला, तरी घड्याळ जर्मनीची वेळ दाखवणार. आपल्यात आणि त्यांच्यात थंडीत साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. ज्या मॉडेलात टाइम झोनचं बटण असतं त्यातही बहुधा पूर्ण तासच बदलतात, आपला अर्धा तास त्यांच्या हिशेबात नसतो.

मशीन खरंच गेलंय का, हे कसं ओळखायचं

काटे बारावर का जातात, ते कळलं की तपासणी सोपी होते. काट्यांना स्वतःची जागा माहीत नसते. म्हणून मशिनातल्या चक्रांना बारीक भोकं ठेवलेली असतात आणि एका बाजूने प्रकाश, दुसऱ्या बाजूला सेन्सर. सगळी भोकं एका रेषेत आली की प्रकाश आरपार जातो आणि मशीन समजतं, काटे बारावर आले. काही मशिनांत चार किंवा आठवरही असा थांबा असतो. तिथून पुढे सिग्नल मिळेपर्यंत काटे हलत नाहीत.

तेव्हा नवा सेल घाला आणि नुसतं बघत बसा. काटे सुरळीत फिरून नेमके बारावर थांबले, तर मोटर, चक्रं आणि सेन्सर तिन्ही ठीक. काटे थांबायचं नावच घेत नाहीत, गोल गोल फिरतच राहतात, तर सेन्सरला भोक सापडत नाही. आत धूळ तरी गेलीय किंवा चक्र सरकलंय. असं असेल तर दुकानदार बरोबर. काहीच हललं नाही तर आधी सेलच्या पट्ट्या बघा. पांढरं खरखरीत साचलं असेल तर तो जुना अल्कलाइन सेल गळल्याचा क्षार. इयरबडला लिंबाचा किंवा व्हिनेगरचा थेंब लावून पुसा, मग कोरड्या इयरबडने पुसा आणि पट्टी थोडी वर उचला.

एक चौथा प्रकार फार फसवतो. काटे थांबतात, पण बारावर नाही, बाराला पाच कमी किंवा बारा वाजून तीन मिनिटांवर. प्रवासात धक्का लागून किंवा काच पुसताना काटा शाफ्टवर फिरलेला असतो. असं घड्याळ आयुष्यभर तेवढंच चुकतं. काच काढायची, सेल काढून पुन्हा घालायचा, काटे थांबू द्यायचे आणि मग प्रत्येक काटा अलगद उचलून बरोबर बारावर दाबून बसवायचा. बोटाने काटा फिरवून वेळ लावायचा प्रयत्न मात्र करू नका, निम्म्या घड्याळांचे काटे त्यातच सरकतात.

तुमचे काटे बारावर नेमके थांबतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मशीन चांगलं आहे.

हाताने वेळ लावणं

मागे साधारण तीन बटणं असतात: सेट, रिसीव्ह (कधी वेव्ह लिहिलेलं) आणि रीसेट. रीसेट म्हणजे सेल काढून घातल्यासारखंच, काटे पुन्हा बारावर. रिसीव्ह दाबलं की घड्याळ पुन्हा सिग्नल शोधायला बसतं. आपल्याला या दोन्हींशी कर्तव्य नाही. सेट तीन-चार सेकंद दाबून धरलं की शोध थांबतो आणि मिनिटकाटा पळू लागतो. सोडलं की थांबतो. नंतर एकेकदा टिचकी मारली की एकेक मिनिट.

काटे फक्त पुढे जातात. एक मिनिट जास्त झालं की पुन्हा बारा तासांची प्रदक्षिणा. त्यामुळे हव्या वेळेच्या पाच मिनिटं आधीच बोट उचला आणि उरलेलं टिचक्यांनी करा. याहून सोपी युक्ती म्हणजे सेल दुपारी पावणेबाराच्या सुमाराला घालायचा. काटे तसेही बारावर येऊन उभे राहणार. शोध संपायला बहुतेक मशिनांना पाच-दहा मिनिटं लागतात. तोवर बारा वाजतात आणि चार-पाच टिचक्यांत काम होतं. संध्याकाळी सात वाजता बसलात तर सात तास काटा पळवत बसावं लागतं आणि सेलही तेवढाच खर्ची पडतो.

सेकंद जुळवायचे असतील तर शेवटची टिचकी मोबाईलवर मिनिट पालटताना मारा. सेकंदकाटा लगेच सुटेल की सात-आठ सेकंद थांबून, हे मशिनागणिक बदलतं. एकदा करून फरक बघा आणि दुसऱ्या वेळी तेवढ्या सेकंदांनी आधी मारा. मोबाईलवर ‘आपोआप वेळ’ चालू असल्याची खात्री करा. टीव्हीच्या कोपऱ्यातल्या घड्याळावरून किंवा ऑनलाइन रेडिओवरून सेकंद लावू नका, तिथे काही सेकंदांचा उशीर असतोच.

तुमच्याकडे काट्यांऐवजी आकडे दाखवणारं मॉडेल असतं तर अजून एक काम सांगितलं असतं: मेनूत रेडिओ रिसेप्शन बंद करायचं आणि झोन शून्यावर ठेवून सरळ आपली वेळ भरायची. काट्यांच्या घड्याळात ही सोय सहसा नसते. कुणी सुचवतं की कांडीची तार कापून टाका म्हणजे शोधणं बंद होईल. होत नाही. घड्याळ तसंच रोज शोधणार, फक्त पुढे कधी सिग्नल द्यायचा म्हटलं तर तो मार्ग तुम्ही स्वतःच तोडलेला असेल.

पंधरा दिवसांनी पुन्हा बारा का

इथे मला जवळपास खात्रीने सेलचा संशय आहे. ही घड्याळं रात्री एक ते तीनच्या दरम्यान रोज सिग्नल शोधतात. सापडला नाही तर चालू वेळ तशीच ठेवून पुढे जातात, निदान बहुतेक मॉडेलं. म्हणजे नुसता सिग्नल न मिळाल्याने काटे बारावर जायला नकोत. बारावर जातात ते वीज क्षणभर तुटल्यावर किंवा व्होल्टेज खाली गेल्यावर, कारण मशीन समजतं की सेल नव्याने घातलाय.

तुम्ही कोणता सेल घातलाय ते लिहिलं नाहीत. रिमोटमधला काढून घातला असेल किंवा चार्ज होणारा असेल तर तेच कारण. चार्जेबल सेल मुळातच १.२ व्होल्टचा. साधं घड्याळ त्यावर आरामात चालतं, पण रिसीव्हर आणि दोन मोटरी एकदम लागल्या की या घड्याळाचा जीव गुदमरतो. साधा स्वस्त कार्बन सेलही नको, तो भार आला की बसतो आणि पावसाळ्यात गळतो. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल घ्या. मल्टिमीटर असेल तर १.३ व्होल्टच्या खाली गेलेला सेल या घड्याळातून काढून रिमोटला लावा, तिथे तो अजून बरेच दिवस चालेल. सेल बसवल्यावर बोटाने हलकेच हलवून बघा. सैल वाटला तर पट्टी उचला. दार आपटल्यावर भिंत हादरते आणि घड्याळ बारावर जातं, अशी तक्रार बहुतेक वेळा इथे मिटते.

महिन्याला किती चुकेल

सिग्नल नसताना हे नुसतं क्वार्ट्झ घड्याळ. महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडला तर नवल नाही. पण तो फरक बऱ्यापैकी भिंतीवर अवलंबून आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. घड्याळातला क्वार्ट्झ २५ अंश सेल्सिअसला सर्वांत अचूक चालतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो, थंड झाला तरी मागेच पडतो आणि अंतर वाढेल तसं मागे पडणं वर्गाच्या पटीत वाढतं. ४० अंशाला तो दिवसाला सुमारे ०.६६ सेकंद मागे जातो, म्हणजे महिन्याला वीस सेकंद. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याच्या खोलीत हे सहज घडतं. तेच घड्याळ आतल्या भिंतीवर टांगलं तर निम्म्याहून कमी. तेव्हा खिडकीतून काढा. सिग्नलसाठी तिथे ठेवण्यात अर्थ नव्हताच, आता तोटाही आहे.

घरातल्या वापराला एवढं पुरे. दर दोन-तीन महिन्यांनी, एखाद्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला पुन्हा लावलं की झालं.

सिग्नल घरीच तयार करायचा असेल तर

ज्यांना सेकंदाचीच हौस आहे त्यांच्यासाठी मोबाईलची युक्ती आहे. अॅप स्टोअरवर ‘डीसीएफ७७’ असं शोधलं की अशी अॅप्स मिळतात. मोबाईलचा स्पीकर ७७.५ किलोहर्ट्झ वाजवू शकत नाही, म्हणून अॅप १५.५ किलोहर्ट्झचा आवाज काढतं. आवाज पूर्ण वाढवला की त्या आवाजात त्याच्या पटीतल्या लहरी मिसळतात आणि पाचपट म्हणजे नेमके ७७.५. कानाला ऐकू येतो तो आवाज महत्त्वाचा नाही. स्पीकरच्या किंवा इयरफोनच्या तारेतून वाहणाऱ्या विजेचं चुंबकीय क्षेत्र कांडीला लागतं, ते काम करतं. म्हणूनच ब्लूटूथचा इथे उपयोग नाही, तार पाहिजे.

करायचं असं. तारेचा इयरफोन घ्या, त्याच्या तारेचे दहा-बारा वेढे करून ते मशीनच्या मागे कांडी असते त्या बाजूला चिकटवा. इयरफोनऐवजी मोबाईलचा स्पीकरच तिथे टेकवला तरी कधी कधी चालतं. आवाज पूर्ण, इक्वलायझर आणि ‘सराउंड’ वगैरे सगळं बंद. खोलीतला एलईडी दिवा, चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करा, ही सगळी मंडळी याच पट्ट्यात खरखर करतात. मग घड्याळाचं रिसीव्ह बटण दाबून दहा मिनिटं हलवू नका. मुलं घरात असतील तर ती कान धरतील. १५ किलोहर्ट्झची शिट्टी त्यांना ऐकू येते, साठीच्या माणसाला बहुधा नाही.

अॅप निवडताना एकच अट पाळा: त्यात वेळ पुढे-मागे करायची सोय हवी. त्यात भारताची वेळ ‘जर्मनीची वेळ’ म्हणून पाठवायची. घड्याळाला काय कळतंय? त्याला मिळालेले आकडे तो दाखवतो, आणि त्यात आपला अर्धा तासही बिनबोभाट निघून जातो. जपानी घड्याळाला १३.३३ किलोहर्ट्झची तिप्पट म्हणजे ४० हा मार्ग असतो, त्यासाठी अॅप वेगळं. अमेरिकन घड्याळ मात्र ग्रिनिचची वेळ घेऊन त्यातून स्वतःच्या झोनचे तास वजा करतं, तेवढा हिशेब वेळ पाठवताना आधीच धरावा लागतो आणि उन्हाळी वेळेचं बटण बंद ठेवावं लागतं.

एकदा वेळ घेतली की घड्याळ पुढे क्वार्ट्झवर चालतं, रात्रीचा शोध वाया जातो आणि महिन्याभराने तुम्हाला पुन्हा मोबाईल लावावा लागतो. हे रोज आपोआप व्हायला हवं असेल तर ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड वायफायवरून वेळ घेऊन तारेच्या वेटोळ्यात हाच सिग्नल सोडू शकतो. इलेक्ट्रॉनिक्सची सवय असलेल्या माणसाचं एका सुट्टीचं काम. वेटोळं घड्याळाला चिकटून असू द्या आणि पल्ला हातभराच्या आत ठेवा. गल्लीभर पोचेल असा ट्रान्समीटर बांधायचा मोह नको, विनापरवाना प्रसारण आपल्या कायद्यात बसत नाही.

या युक्तीचा एक आडफायदा म्हणजे मोबाईलवरून वेळ घेतली तर रिसीव्हरही धडधाकट असल्याचं सिद्ध होतं. नाही घेतली तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. काही मोबाईलच्या स्पीकरला १५ किलोहर्ट्झच झेपत नाही. दुसऱ्या मोबाईलने करून बघा.

तरीही मशीन बदलायचंच ठरवलं तर

साधं मशीन शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, पण तीन मापं घेऊन जा. तबकडीची जाडी, कारण शाफ्टचा आट्यांचा भाग तिच्यातून बाहेर येऊन नट बसला पाहिजे. काट्यांच्या भोकांचं माप, कारण जर्मन काटे आपल्याकडच्या शाफ्टवर बहुधा सैल किंवा घट्ट होतात आणि मग काटेही नवेच घ्यावे लागतात. आणि मागचा खळगा: साधं मशीन साधारण ५६ मिलिमीटरचं चौकोनी असतं, रेडिओचं त्याहून लांब. घड्याळ मशीनच्याच हुकवर टांगलेलं असेल तर नव्या मशीनला हुक आहे ना, तेही बघा. जुनं मशीन दुकानात सोडून येऊ नका. जावई परत निघाले की त्यांच्याबरोबर द्या, तिथे ते पहिल्याच रात्री वेळ पकडेल.

तुमचा दुसरा प्रश्न: इथे चालणारं, स्वतः वेळ लावणारं घड्याळ हवं असेल तर काय घ्यावं. रेडिओ कंट्रोल्ड किंवा ‘अॅटॉमिक’ असं खोक्यावर दिसलं की ठेवून द्या. वायफायवरून वेळ घेणारं घ्या. त्यात झोन +५:३० निवडता येतो का, ते आधी विचारा, नुसतं +५ आणि +६ असेल तर नको. अशी बरीच घड्याळं २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात, राउटरवर दोन्ही पट्टे एकाच नावाने असतील तर जोडताना अडतात, तेव्हा नाव वेगळं करून जोडा. सर्व्हर विचारला तर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा देता येतो. जीपीएसवर चालणारी घड्याळंही असतात, पण त्यांच्या अँटेनाला आकाश दिसावं लागतं. स्लॅबखालच्या मधल्या खोलीत ती तुमच्या जर्मन घड्याळासारखीच बसून राहतील, तार खिडकीबाहेर काढायची तयारी असेल तरच घ्या.